सीनरीतल्या घरामागे

"मारता का बाई मले?" गोविंदा एवढ्या जोरात ओरडला, की बाहेर बाकावर बसलेल्यांनी आपापली दुखणी आवळून धरली.

"खाली नका पाहू, भाऊ. भिंतीकडे पाहा," चिमट्याने जखम साफ करत संजीवनीबाई म्हणाल्या. "त्या घरात कोण राहत असन, सांगा बरं?"

मोताळ्याच्या या दवाखान्यात बाईंनी सारी नोकरी ड्रेसिंगच्या खोलीत काढली होती. खाटेसमोर ती सीनरी टांगलेली. बर्फाचे डोंगर, खाली तळं, हिरवागार उतार, उतारावर लाकडी घर, दारात रचलेल्या लाकडांचा ढीग आणि घराला वळसा घालून मागे गडप होणारी पायवाट. कधीकाळी ते औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. फ्रेमवाल्याने तारखांची पट्टी कापली, तिच्यासोबत जागेचं नावही गेलं. बाईंच्या ते पथ्यावरच पडलं. टाके घालताना, गळू फोडताना त्या हाच प्रश्न विचारत, आणि माणूस दुखणं विसरून त्या घरात शिरत असे. रोहिणखेडच्या एका आजीला त्या घरच्या बाईचा हेवा वाटला होता. जळण कसं दारातच! एका कापूस व्यापाऱ्याने घरभाड्याचा अंदाज काढला होता. पूनम नावाच्या पोरीने हनुवटीला टाके पडत असताना ठणकावून सांगितलं होतं, की तिथे कोणीच राहत नाही, कारण दोरीवर कपडे नाहीत.

गोविंदाने मात्र घराकडे पाहिलंच नाही.

"एवढं गवत, अन् ढोर एक नाही," तो म्हणाला. "असं कसं? मांगं गोठा असन. ती वाट गोठ्याकडेच जाते."

"तुमाले काय माहीत?"

"त्या वाटेकडे पाहा ना बाई. माणसानं पाडेल वाट एवढी रुंद नसते."

शेतात कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट पायात घुसल्याचं निमित्त झालं होतं. त्यात साखरेचा आजार, जखम भरायचं नाव घेईना. गोविंदा बायकोला, गीताबाईंना, घेऊन दिवसाआड यायचा आणि खाटेवर बसल्या बसल्या त्या वाटेने निघायचा. गोठा कौलारू की पत्र्याचा, बर्फात ढोरांना चारा कुठला, दर वेळी नवी शंका. तरुण डॉक्टर चिन्मय एकदा हे ऐकून हसले.

"मावशी, मोबाईलवर या चित्राचा फोटो काढला तर मिनिटात कळेल कुठलं आहे ते."

"नको डॉक्टर. कळलं की संपलं. मंग मी लोकाइले इचारू काय?"

डॉक्टरांनी हात जोडले आणि निघून गेले.

हळूहळू गोविंदाचं ओरडणं थांबलं. बाई मनातून खूश होत्या. असा नंबरी कांगावखोर पेशंट आता हूं की चूं करत नव्हता, गोठ्यात मोजून दहा ढोरं बांधत होता. एका सकाळी तो तळ्याचं पाणी ढोरं पितात की नाही ते सांगत असताना बाईंचा हात थांबला. त्यांनी चिमट्याचं टोक अंगठ्याजवळ जरा दाबलं. मग आणखी जोरात दाबलं.

"...पण इतक्या थंड्या पाण्यात ढोर तोंड कसं घालन?" गोविंदा बोलतच होता.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. सीनरीचा यात काही हात नव्हता. पायच गेला होता. आपण आठवडाभर कशावर खूश होत होतो, या विचाराने त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी पाय पाहिला, बोटं दाबून पाहिली आणि गीताबाईंना समजेल अशा शब्दांत सांगितलं. आजच अकोल्याला न्यायचं. गुडघ्याखालून काढावा लागेल बहुतेक. थांबलात तर जिवावर बेतेल. गीताबाईंनी पदर तोंडाशी धरला. गोविंदा पायाकडे नाही, भिंतीकडे पाहत राहिला.

"डॉक्टर, ते मोबाईलवर कळते म्हनत होते ना तुमी? पाहा बरं. दोन पायांवर हाओ तोवर पाहून घेतो."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं.

"पाहा डॉक्टर," बाई म्हणाल्या. "लवकर पाहा."

युरोपातलं कुठलं तरी लांबलचक नाव निघालं, डॉक्टरांनाही ते नीट म्हणता येईना. पण खाली फोटोच फोटो होते, लोकांनी चहूबाजूंनी काढलेले. एक घरामागून काढलेला. त्यात लांबट, बुटकी लाकडी इमारत होती आणि दारात गळ्यात घंटा बांधलेल्या तांबड्या गाई.

"अवं पाह्य!" गोविंदा बायकोला म्हणाला. "गोठा हाय! म्या म्हनलं नव्हतं?"

तो इतका हसला, की गीताबाईंनाही रडता रडता हसू फुटलं. तेवढ्यात फोन वाजला आणि फोटो गेले. मग बाहेर अकोल्याला न्यायला गाडी आली.

दिवाळीनंतर गोविंदा कुबड्यांवर आला. बाईंनी त्याला खाटेवर बसवलं, गुडघ्याखालची पट्टी सोडली. त्यांना विचारायला काही सुचेना. घर सापडलं होतं, गोठा सापडला होता. त्यांनी औषधाचा बोळा जखमेवर टेकवला.

"आई गं! मेलो!"

बाहेरचे लोक दचकले. बाईंना इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. त्यांनी मान खाली घालून काम चालू ठेवलं.

"बाई," थोड्या वेळाने गोविंदा भिंतीकडे पाहत म्हणाला, "गोठ्याच्या पुढे वाट जात असन का?"

"जात असन."

"सपाट असन का चढाव?"

बाई थबकल्या. "डॉक्टरले इचारू?"

"नका इचारू." त्याने डोळे बारीक केले, त्या वळणापलीकडे दिसतं का पाहिलं. "चढाव असला, त गोठ्यातच बसू घडीभर. आपल्याले कुठी घाई हाय?"

"बसू की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा बोळा भिजवला.