दुपारची कडी

राजकोटात दुपारी दोनला कुणाच्या दाराची कडी वाजवू नये, हे धृतीला लग्न होऊन आल्या दिवशीच सासूबाईंनी बजावलं होतं. तरी आज ती वाजवत होती. खांद्यावर तान्ही लेक मिश्री किरकिरत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बंद पानटपरीखालच्या कुत्र्यानं एक डोळा उघडला, ही अहमदाबादची दिसते असं ताडलं आणि परत मिटला.

इलाजच नव्हता. सासूबाईंचा नकली दागिन्यांचा छोटासा कारखाना आता धृती बघत होती. लग्नसराईचं मोठं काम हातात होतं आणि नवरीच्या हारात खडे बसवावेत ते जसुबेननंच. तीच जसुबेन आज आली नव्हती. ‘सोनीबाजारात सराफाकडं काम धरलंय,’ एवढाच निरोप आला होता.

धृतीला ते लागलं. सासूबाईंच्या वेळी कारखाना सगळ्या गावासारखा एक ते चार बंद असायचा आणि मग रात्रीपर्यंत चालायचा. धृतीनं ते मोडून सलग नऊ ते पाच केलं. संध्याकाळी बायका वेळेत घरी, म्हणजे भलंच की. पण तेव्हापासून कारखान्यातल्या गप्पा आटल्या. ती आली की माना खाली जायच्या. मिश्रीचा गालगुच्चा घ्यायलाही कुणी हात थांबवत नसे.

दार जसुबेनच्या नवऱ्यानं, भिखुभाईंनी उघडलं. अंगात बनियन, ओठांवर बोट.

“हळू बोला बेन. शेजारी उठले तर मला गल्ली सोडावी लागेल.”

आत झोपाळ्यावर जसुबेन बसली होती. मध्ये एकच ताट, त्यात अर्धा मोडलेला रोटला. ती ओशाळून उठली.

“बसा हो. मी फक्त विचारायला आले. पगार कमी पडतो का?”

“पगाराचं काही नाही.”

“मग मी काही बोलले?”

“तुम्ही कुठं काय बोलता, बेन.” जसुबेननं पदराला हात पुसले. “हे रिक्षा चालवतात. पहाटे जातात, मी झोपल्यावर येतात. दुपारचे हे तास तेवढा आमचा संसार. बाकी वेळ आम्ही एका खोलीचे दोन भाडेकरू.”

“भाडं मी एकटा भरतो,” भिखुभाई म्हणाले.

“तुमचं सलग सुरू झाल्यापासून आम्ही डब्यातून बोलतोय. शाक खारट लागलं की यांना कळतं, मी चिडलेय.”

“पण मला सांगायचं तरी.”

“तुम्ही वेळ सांगितलीत, बेन. विचारलीत कुठं?”

तोवर मिश्री जसुबेनच्या मांडीवर जाऊन, दोन झोक्यांत गाढ झोपली होती.

“ही काही आता चारशिवाय उठत नाही,” जसुबेन म्हणाली. “तुम्हीही टेका जरा. डोळे बघा कसे झालेत.”

जरा टेकते म्हणून धृती चटईवर आडवी झाली. मिश्री झाल्यापासून तिला सलग झोप ठाऊक नव्हती. जाग आली ती चहाच्या वासानं. अंगावर कुणीतरी चादर घातली होती, भिखुभाई रिक्षा घेऊन गेलेही होते.

“जसुबेन,” तिनं कप हातात घेत विचारलं, “तुम्हाला कधी यायला जमेल?”

“एकपर्यंत, आणि मग चारनंतर. पण सोनीबाजारवाल्याला काय सांगू?”

“सांगा, मालकीण घरी येऊन झोपून गेली. नाही म्हणायची सोय राहिली नाही.”

जसुबेन तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी धृतीनं प्रत्येकीला विचारलं. सगळ्यांत धाकट्या फोरमला कॉलेज सुटल्यावर यायचं होतं. वनिताबेनला भल्या सकाळी. “सासू उठायच्या आत निसटलं की दिवस बरा जातो,” ती म्हणाली. कारखान्याची एक किल्ली तिच्याकडे गेली.

“म्हणजे माझीच वेळ परत आणलीस,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही, आई. तुमची एकच होती. आता जिची तिची.”

चार वाजता मात्र कुणीही न सांगता सगळ्या चहाला जमू लागल्या. मिश्री या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली, आणि जसुबेन धृतीला ‘बेन’ सोडून घरच्या सुनेसारखं ‘वहू’ म्हणू लागली.

हार जवळजवळ होत आले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी अडीचला हे काम देणाऱ्या बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा फोन आला. धृती मिश्रीला कुशीत घेऊन पडली होती.

“माल कुठवर आला?”

“चारला फोन करा,” ती कुजबुजली.

“अहो, पण एवढं काय काम चाललंय?”

“फार महत्त्वाचं,” धृती म्हणाली, आणि फोन उशीखाली सरकवला.