पांढऱ्या पायाचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. ऑस्ट्रियातल्या टायरोलच्या डोंगरात, सुवासिक पाइनच्या लाकडातून मला घडवले. या घरचा मुलगा कासियान माझ्यातच वाढला. पुढे त्याचे लग्न दरीतल्याच, दूरच्या नात्यातल्या बुर्गलशी झाले, आणि मला पुन्हा चुलीजवळ आणून ठेवले.

पहिला मुलगा विटूस. हसरा, गुबगुबीत. बुर्गलला गवत कापायला उतारावर जावे लागे, म्हणून तो लवकरच वरच्या दुधावर आला. दूध पाजायची तिची सासू गेनोवेफा. तिचे तांब्याचे पातेले आतूनबाहेरून लखलखीत असे. त्याला कल्हई नव्हती. कल्हईने दुधाची चव जाते, असे ती म्हणे. दुधात थोडे पीठ आणि साखर घालून ती ते मंद आचेवर आटवत बसे.

थंडी सुरू झाली आणि विटूस किरकिरा झाला. हातपाय काटकुळे झाले, पोट मात्र फुगत गेले. मग डोळे पिवळे पडले. ईस्टरच्या आधीच मी रिकामा झालो.

नंतर रोसीना आली. तिनेही तेच दूध प्यायले आणि ती ठणठणीत वाढली. त्यामुळे दुधावर कुणाचा संशय गेलाच नाही. मग रोमेड आला. त्याचे पोट घट्ट लागू लागले, तेव्हा बुर्गलचा हात तिथेच थबकला.

रोमेड शहरातल्या दवाखान्यात गेला. परत आला नाही.

"पांढऱ्या पायाचा आहे हा पाळणा," गेनोवेफा म्हणाली. "कासियान, फोडून टाक. सरपण तरी होईल."

कासियान कुऱ्हाड घेऊन आला. बुर्गल आडवी आली.

"रोसीनाही याच्यातच वाढली, आई. तिचं काय?"

"मग दोष कुणाला देऊ? तुला?"

"द्या. रोज देताच की."

कासियानने कुऱ्हाड ठेवली आणि मला माळ्यावर नेले.

बुर्गलला पुन्हा मुलगी झाली, लुत्सिया. बुर्गलनेच मला खाली आणून पुसले. लुत्सियाचे वरचे दूध सुरू व्हायचे होते. गेनोवेफाने पातेले चुलीवर चढवले, आणि त्याच सकाळी दवाखान्यातले डॉक्टर चढण चढून दारात आले.

"रोमेडच्या लिव्हरमध्ये तांबं साठलं होतं," ते म्हणाले. "काही मुलांना ते बाहेर टाकता येत नाही. आईबाप दोघांकडूनही तो दोष आला, तरच असं होतं." मग त्यांची नजर चुलीकडे गेली. "दूध यातच तापवता?"

"हिच्यातही आहे का तो दोष?" बुर्गलने विचारले.

"आत्ता सांगता येत नाही. तांब्यातलं दूध देऊ नका. एवढंच आपल्या हातात आहे."

गेनोवेफा बाकावर बसली.

"दोघांनाही मांडीवर घेऊन पाजलं मी," ती म्हणाली. "थेंबही टाकू द्यायची नाही."

चुलीवरचे दूध उतू गेले.

पुढे इनॅमलचे भांडे आले. गेनोवेफा बाळाजवळ फिरकेना. एकदा लुत्सिया भुकेने रडत होती. बुर्गलने तिला उचलून सासूच्या मांडीवर ठेवले आणि बाटली पुढे केली.

"मी नाही," गेनोवेफा म्हणाली.

"तुम्हीच पाजा, आई. तुमच्याकडेच ती गप राहते."

गेनोवेफाने बाटली धरली.

त्या हिवाळ्यात घरातले प्रत्येक जण जाता-येता लुत्सियाचे पोट चाचपून पाही. बर्फ वितळला तरी ते मऊ होते. तेव्हा कुठे बुर्गल तिच्यासाठी मोठा झगा शिवायला बसली.

मित्रांनो, दरीत अजून कितीतरी घरांत तसली पातेली मायेने घासली जातात. मी पाळणा, मला काही विचारता येत नाही. तुम्हाला येते. तान्हे बाळ असलेल्या घरी गेलात, तर त्याचे दूध कशात तापते तेवढे विचारा. पाजणारी आजी कितीही प्रेमळ असली, तरी विचारा.