सैल स्टार्टर

डेपोच्या दवाखान्यातल्या सिस्टरना सगळे पाठीमागे गॉगलबाई म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. चार भिंतींच्या आत काळा चष्मा लावून बसणाऱ्या बाईला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय? सुरुवातीला त्या समजावून सांगायच्या. ट्यूबलाइटखाली दहा मिनिटं बसलं की उजव्या भुवईवर ठणका सुरू होतो, मग अक्षरं हलायला लागतात, मग उलटी. ऐकणारा आधी वर ट्यूबकडे बघायचा, मग बाईंकडे, आणि म्हणायचा, प्रकाश तर किती छान पडलाय. तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर बाईंनी समजावणं सोडून दिलं. दुखणं डोळ्यांना दिसत नसलं की त्याचं सोंग ठरतं, हे त्या आपल्या नोकरीत रोज बघत होत्याच.

मग त्यांनी आपल्या परीने युक्त्या काढल्या. बँकेत जायचं ते उन्हाच्या वेळी, खिडकीजवळची रांग धरून. पोस्टात टोपी कपाळावर ओढून, मान खाली घालून, जमिनीवरच्या फरश्या मोजत. लेकीच्या शाळेतल्या पालकसभेला दारातच उभं राहायचं, म्हणजे लोकांना वाटायचं की बाईंना कायमच घाई असते. गावातली कुठली ट्यूब शांत आहे, कुठली गुणगुणते आणि कुठली लुकलुकते, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. लेक आठ वर्षांची, पण तीसुद्धा दुकानात आईच्या आधी शिरायची, वर बघायची आणि बाहेर येऊन सांगायची, "आई, इथे दोन वाईट आहेत."

दवाखान्याची खोली मात्र त्यांनी जिंकली होती. नुसतं बटण बंद केलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण ते चालू करी, परोपकार केल्यासारखा. म्हणून बाई सकाळी सगळ्यांच्या आधी येत, स्टुलावर चढत आणि टेबलावरच्या ट्यूबचा स्टार्टर पाव वळसा फिरवून सैल करून ठेवत. मग बटण कितीही दाबा, ट्यूब ढिम्म. बंद ठेवलेली ट्यूब कुणीही लावतं, पण बिघडलेली ट्यूब म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काम. वायरमनला ही चलाखी कधीच कळली होती. तो भला माणूस कानाडोळा करायचा.

फक्त एका ट्यूबला हात लावता येत नव्हता. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि त्याच्या डोक्यावर एक आखूड ट्यूब. चालकांची नजर तपासायची ती त्याच ट्यूबच्या उजेडात, असा लेखी नियम होता. तपासणी चालू असेपर्यंत बाई तक्त्याकडे पाठ करून बसत आणि चालकाने वाचलेली अक्षरं पाठांतरावरून ताडून बघत. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा येत आणि बाईंनी भरलेल्या कागदांवर सही ठोकत. बाईंच्या अक्षरावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर तो विश्वास थोडा कमी असता तर फार बरं झालं असतं.

घड्याळमास्तर तपासणीला आले तेव्हा तक्त्यावरची ट्यूब आठवडाभर लुकलुकत होती. चोक जळायला आला होता आणि वायरमन रजेवर होता. मास्तर म्हणजे डेपोतले सगळ्यांत जुने चालक. एकोणीस वर्षांत त्यांची गाडी कधी उशिरा सुटली नाही, म्हणून हे नाव. गणवेशाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बाईंनी त्यांचं वजन घेतलं, रक्तदाब घेतला आणि तक्त्यासमोर उभं करून त्या पाठमोऱ्या बसल्या.

मास्तरांनी पहिल्या दोन ओळी धडाधड वाचल्या. तिसरी सुरू केली. ग, म, ठ. पुढे काहीच नाही.

बाईंनी वाट पाहिली. मग वळून पाहिलं. मास्तर ताठ उभे होते, डोळे उघडे, नजर तक्त्यावर. ओठ जरा विलग झाले होते. उजव्या हाताचा अंगठा शर्टाच्या बटणावर फिरत होता, गोल, गोल, जणू त्याला दुसरं काही कामच नव्हतं. वर ट्यूब फडफडत होती. बाईंच्या स्वतःच्या भुवईवर ठणका उठला आणि त्यांना एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत कुणीतरी आपल्यासारखं भेटलं होतं. त्यांनी उठून ट्यूब बंद केली, टेबलावरचा साधा पिवळा दिवा तक्त्याकडे वळवला आणि नियम मोडला.

"र," मास्तर म्हणाले, आणि उरलेला तक्ता एकही चूक न करता वाचून टाकला.

मग बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, ट्यूबचा त्रास होतो ना? मास्तर हळूच म्हणाले की होतो, पाच-सहा महिने झाले. कॅन्टीनमध्ये होतो, तिकीट खिडकीजवळ होतो, जिथे ट्यूब लुकलुकते तिथे सगळीकडे. नोकरी जाईल म्हणून कुठे बोललो नाही. घरात तीन खाणारी तोंडं, आणि या हातांना दुसरं काही येत नाही.

"डोकं दुखतं?"

"नाही, डोकं नाही दुखत. बायको म्हणते, बोलता बोलता कुठे जाता हो तुम्ही?"

बाई हसल्या. त्यांचा नवराही त्यांना हेच म्हणायचा, ठणका सुरू झाला आणि त्यांचं लक्ष उडालं की. त्या मोठ्या आपुलकीने मास्तरांना आपल्या सगळ्या युक्त्या सांगत बसल्या. टोपीची कड पुढे ओढायची. ट्यूबकडे पाठ करून बसायचं. जेवण कॅन्टीनच्या आत नको, बाहेरच्या पायरीवर. इतकं बोलून त्यांनी कागदावर लिहिलं: नजर उत्तम, प्रकृती ठीक. खाली आणखी एक ओळ लिहिली, की चालकाला शहरातल्या फेऱ्यांऐवजी शक्यतो मोकळ्या रस्त्याची फेरी द्यावी.

मास्तर गेल्यावर बाईंच्या मनात पाल चुकचुकली. डोकं दुखत नाही, मग होतं तरी काय? आणि ते बटणावरचं बोट? पण मागच्या वर्षी याच डॉक्टरसाहेबांनी त्यांना स्वतःला "मनाचे खेळ" म्हणून वाटेला लावलं होतं. आपल्याला ज्याने इतकं जाळलं तो संशय आपण दुसऱ्यावर कसा घ्यायचा? त्यांनी पालीला हाकलून दिलं आणि कागद सहीच्या ढिगावर ठेवला.

मास्तरांना ओढ्यापलीकडच्या गावाची फेरी मिळाली. दोन-तीनदा ते दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि सांगून गेले, सिस्टर, तुमच्यामुळे निभावलं. तिथे ना ट्यूब, ना काही, नुसतं आभाळ. डेपोत येता-जाता बाईंना कॅन्टीनमधली त्यांची रिकामी जागा दिसे तेव्हा बरं वाटे. आपल्या दुखण्याचा कुणाला तरी उपयोग झाला, असं त्यांनी घरी नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी, एका शनिवारी, बाई लेकीला घेऊन त्याच गावी आपल्या आईकडे निघाल्या. एरवी त्या दुपारची गाडी धरत. त्या दिवशी डेपोत काम निघालं आणि साडेपाचची गाडी मिळाली. मास्तरांनी त्यांना पाहून मान लववली आणि लेकीला पुढच्या बाकावर खिडकीची जागा दिली. गाडी गच्च भरली होती. मागे कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं आणि वाहक तिकिटं फाडत फाडत पुढे सरकत होता.

शहर संपलं आणि झाडांचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना उंच, सरळ झाडं, कुणीतरी दोरी धरून लावावीत तशी सारख्या अंतरावर. सूर्य चालकाच्या बाजूला उतरला होता. एक बुंधा, ऊन, एक बुंधा, ऊन. गाडीने वेग घेतला तसं ऊन तुकड्या-तुकड्यांनी आत पडायला लागलं, बाकांवर, माणसांच्या तोंडांवर, लेकीच्या रिबिनीवर.

लेकीने डोळे मिटले. "आई," ती म्हणाली, "इथे पण वाईट ट्यूब आहे."

बाईंच्या भुवईवर ठणका उठला. काळ्या काचांतूनही ते ऊन फडफडत होतं, थेट तक्त्यावरच्या त्या ट्यूबसारखं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मास्तरांच्या डोळ्यांवर काळी काच नव्हती.

वाहकाने एकदा घंटी मारली. पुढच्या थांब्यावर कुणाला तरी उतरायचं होतं. गाडीचा वेग कमी झाला नाही. थांबा आला, पिशव्या घेतलेली दोन माणसं हात वर करून उभी होती, ती मागे पडली. वाहकाने पुन्हा घंटी मारली, जरा रागाने. कुणीतरी हसून म्हणालं, मास्तरांचं घड्याळ आज पुढे धावतंय.

बाईंनी चालकाच्या आरशात पाहिलं. मास्तर ताठ बसले होते, डोळे उघडे, ओठ जरा विलग. उजवा अंगठा स्टिअरिंगवर फिरत होता, गोल, गोल.

पुढे ओढ्यावरचा पूल दिसत होता. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, कमरेएवढ्या कठड्यांचा. बाई उठल्या, धडपडल्या, कुणाच्या तरी पायावर पाय पडला. त्या आडव्या दांडीला धरून पुढे वाकल्या तोवर चाकांखालचा आवाज बदलला होता, पोकळ झाला होता. गाडी पुलावर होती. डावीकडचा कठडा इतका जवळून सरकत होता की हात बाहेर काढला असता तर लागला असता. बाईंना ओरडायचं होतं, पण पाचावर धारण बसली होती. स्टिअरिंगला हात लावायचीही भीती वाटली. आवाज पुन्हा भरीव झाला तसा त्यांनी पाय हलवला, चालकाच्या खिडकीत आडव्या झाल्या आणि पाठीने सगळं ऊन अडवलं. त्यांची सावली मास्तरांच्या तोंडावर पडली.

दोन श्वासांनी मास्तरांनी पापण्या मिटल्या, उघडल्या आणि बाईंकडे पाहिलं.

"सिस्टर, उभ्या का? बसा की."

"मास्तर, गाडी बाजूला घ्या."

"इथे जागा नाही थांबायला. पूल आला की पलीकडे घेतो."

"पूल मागे गेला."

मास्तरांनी आरशात पाहिलं. आरशात पुलाचे पांढरे कठडे लहान होत चालले होते आणि त्यांच्याही पलीकडे पिशव्यावाली दोन माणसं पळत येत होती. त्यांनी गाडी अगदी व्यवस्थित कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

वाहक चिडून पुढे आला. घंटी ऐकू आली नाही का, म्हणून विचारू लागला. मास्तर म्हणाले की ध्यानात आलं नाही, आणि बाईंकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी बाईंचा काळा चष्मा मागितला. आजच्या दिवसापुरता, गाडी गावात पोहोचेपर्यंत, तेवढं निभावून न्या. बाईंचा हात चष्म्याकडे गेलाही. कुणाला काही लागलं नव्हतं. कुणाला काही कळलंही नव्हतं. वाहक कुरकुरत मागे गेला आणि त्याने दोनदा घंटी मारली, चला म्हणून.

बाईंनी हात लांब करून गाडीची किल्ली काढून घेतली.

"तुम्हीच तर लिहिलं होतंत," मास्तर म्हणाले. "ठीक म्हणून." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना.

"हो. मीच लिहिलं. मला वाटलं, तुमचं दुखणं माझ्यासारखंच आहे."

त्यांनी वाहकाला हाक मारून डेपोला फोन लावायला सांगितलं. दुसरा चालक पाठवा, म्हणावं. मास्तरांना फिट येते, तेही सांगा. आणि सिस्टरने तपासणीत ती डोळ्यांनी पाहिली होती, हेही सांगा. वाहकाने फोन काढला. लेक बाकावरून उतरून आईच्या पायांना बिलगली.

मास्तर अजून आरशातल्या पुलाकडे बघत होते.

"रोज पूल कधी मागे पडायचा ते कळायचंच नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, रस्ता सवयीचा झालाय."