मिरच्यांच्या दिवसांतली खरखर

"रविवारपर्यंत ती तार उतरव, झोरे. नाहीतर मी स्वतः पक्कड घेऊन गच्चीवर जाणार."

मेतोदीकाका आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. जिन्यातला दिवा गेला तर महिना लावतात, पण फुटबॉलच्या मॅचमध्ये चित्र फाटलं की लगेच दारात हजर. त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरचे दोघे उभे होते आणि माझ्या कडेवर माझी लेक एलित्सा, तोंडात स्वतःची अख्खी मूठ कोंबून.

"काका, माझ्या अँटेनाने तुमचं चित्र फाटत नाही."

"मग कशाने फाटतं? माझ्या बायकोच्या अंबाड्याने?"

मागचे दोघे हसले. एलित्साही हसली. तिला अजून आपला कोण, परका कोण ते कळत नाही.

"नाही उतरवणार," मी म्हटलं आणि दार लावलं. आपटलं नाही, ती दचकली असती. पदरात बाळ असलं की भांडणसुद्धा हळू आवाजात करावं लागतं.

अँटेना म्हणजे काय, तर गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याची तार. पण माझा नवरा यावोर जहाजावर आहे, आणि त्याचा आवाज याच तारेवरून येतो. बुर्गासच्या बंदरातून तो निघाला तेव्हा एलित्सा माझ्या पोटात होती. परक्या बंदरातून फोन लागायला नशीब लागतं, म्हणून दर रविवारी दुपारी कप्तानाच्या परवानगीने तो त्याच्या छोट्या वायरलेस सेटवर येतो आणि मी माझ्या. शाळेत असताना दोघं एकाच रेडिओ क्लबात शिकलो. मोर्समध्ये मी त्याच्यापुढे होते, हे तो अजून कबूल करत नाही. लेक बापाला फक्त आवाजाने ओळखते. बापाने तर लेकीचा आवाजही ऐकलेला नाही. दर वेळी ती झोपलेली असते, नाहीतर माइक समोर धरला की ओठ घट्ट मिटून घेते. त्यात सप्टेंबर लागल्यापासून आमच्या दोघांच्या मधे ही खरखर. यावोर बोलतो आणि वाक्यावाक्यातून दोन-तीन शब्द कुणीतरी कुरतडून नेतं.

म्हणजे जी खरखर काकांचे गोल खात होती, तीच माझा नवरा खात होती. पण हे त्यांना सांगणार कोण!

मी ऐकायला बसले. एलित्सा झोपली की जो काय वेळ हाती लागतो, त्यात. हेडफोन एकाच कानाला, दुसरा कान तिच्यासाठी मोकळा. आवाज ओळखायचा असतो, रडणं ओळखतो तसा. भुकेचं रडणं चढत जातं, झोपेचं तुटत तुटत येतं, पोटदुखीचं एकदम सुरू होतं. खरखरीचंही तेच. वीज कडाडली की एकच फटका. फ्रीज एकदा टक् करतो आणि बराच वेळ मुकाट बसतो. मोटारसायकलची खरखर जवळ येते आणि लांब जाते. विजेच्या तारांची एकसारखी गुणगुण तर रोजचीच, तिच्याखालून माणसाचा आवाज अलगद वेचून घेता येतो. ही मात्र वेगळी होती. थोडी चरचर, तीही तुकड्यातुकड्यांत, मग शांतता, मग पुन्हा चरचर. शांतता कधी जरा लांब, कधी जरा आखूड. यंत्र असं चुकत नाही. यामागे कुणाचा तरी हात होता.

दोन दिवसांनी ऐकता ऐकता सूप ढवळत होते आणि डाव तसाच थांबला. ही शांतता माझ्या ओळखीची होती, अगदी लहानपणापासूनची. विजेच्या भट्टीत लांब लाल मिरच्यांची साल काळी पडायला एवढाच वेळ लागतो. मग झाकण उघडायचं, भाजलेल्या मिरच्या काढायच्या, कच्च्या घालायच्या. या घालण्याकाढण्यात भट्टी हलते. भट्टी हलते तेव्हा तिची तारही हलते. आणि तार सैल असेल तर?

पण सप्टेंबरात आमच्याकडे कोणत्या बाल्कनीत मिरच्यांची भट्टी नसते! हिवाळ्याची लुतेनित्सा, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, करून बरण्या भरल्याशिवाय इथे कुणाला झोप लागत नाही.

एलित्साला चादरीने छातीशी बांधलं आणि लहान ट्रान्झिस्टर घेऊन जिना चढायला लागले. कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवला होता. तिसऱ्या मजल्यावर भाजल्याचा वास दरवळत होता, पण ट्रान्झिस्टर नुसता कुजबुजला. चौथ्यावर जरा कुरकुरला. पाचव्यावर नेवेनामावशीच्या दारासमोर असा किंचाळला की एलित्साने चमकून माझ्याकडे पाहिलं.

नेवेनामावशी! मी अंघोळीला जाते तेव्हा बाळाला घेऊन बसणारी. साऱ्या इमारतीत "राहू दे की पोरीची तार" असं म्हणालेली ती एकटी.

"ये गं, तुम्ही दोघी मिरच्या सोलायला हव्याच होतात," तिने दार उघडत म्हटलं.

बाल्कनीत तिची तीन तोंडांची भट्टी होती. दिमोकाकांनी, तिच्या नवऱ्याने, जिवंत असताना स्वतःच्या हाताने बनवलेली. घरच्या छोट्या भट्टीला न आवरणाऱ्या साऱ्या इमारतीच्या मिरच्या तिच्याकडेच भाजायला येतात, कारण तीन तोंडांची दुसरी कुणाकडे नाही. भिंतीशी पोती रांगेने उभी होती.

"ही कुणाची?"

"मेतोदीची. त्याच्या बायकोचं म्हणे या वासाने डोकं दुखतं. खायच्या वेळी बरं दुखत नाही!"

तिने झाकण उचललं. भट्टी कलली, आणि तार आत शिरते तिथे निळी ठिणगी फुटली. माझ्या हातातला ट्रान्झिस्टर चरचरला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, ही तार सैल झालीय. मी एक स्क्रू आवळते फक्त."

"हात नको लावूस."

"एक दिवस झटका बसेल गं तुला."

"बसला तर दिमोला जाऊन भेटेन. शेवटचा स्क्रू त्याने लावलाय. त्यानंतर हिला कुणाचा पाना लागलेला नाही. मिरच्या भाजतेय ना? मग बिघडलंय कुठे?" ती कच्च्या मिरच्या घालत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाली सांगणार?"

मी विचार केला. सांगितलं असतं तर काकांनी भट्टी भंगारात काढली असती. आणि भट्टी गेली की मावशीचं दार ठोठावणारं कोण उरलं असतं?

"नाही सांगणार."

"मग तुझी तार?"

"तीही नाही उतरवणार."

"दोन्ही कसं जमवशील, झोरे?"

"ते अजून ठरलेलं नाही," मी म्हटलं. तिने एक गरम मिरची सोलून, मीठ लावून माझ्या तोंडात घातली.

रविवारी मेतोदीकाका खरोखरच पक्कड घेऊन आले. तेच दोघे मागे.

"वर जायच्या आधी आत या," मी म्हटलं. "मॅच चालू आहे माझ्याकडे."

मॅच म्हटल्यावर बूट काढून तिघंही आत आले. टीव्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर होता आणि शेजारी माझा सेट. मी माइक हातात घेतला.

"आता मी यावोरला हाक मारते. माझ्याकडे बघू नका, चित्राकडे बघा."

मी बोलले. पूर्ण ताकदीने बोलले, थांबले, पुन्हा बोलले. चित्र ढिम्म हललं नाही. मग माइक खाली ठेवला, हात मागे बांधले आणि वाट पाहिली. चर्रर्र! खेळाडूंचे पाय एकीकडे, डोकी दुसरीकडे.

"आता बोलतेय का मी?"

काका टीव्हीकडे बघत राहिले. "मग कोण करतंय हे?"

"मला माहीत आहे."

"नाव सांग."

"नाही सांगणार."

"असं कसं? नाव सांग, नाहीतर मी चाललो वर."

मी एलित्साला कडेवर घेतलं आणि दारात जाऊन उभी राहिले. "काका, तुम्ही आत्ता तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत. तरी तार कापायची असेल तर आम्हा दोघींना बाजूला सारून जा. आणि नाव तर तुम्हाला माझ्याकडून कधीच मिळणार नाही. खरखर असली म्हणून माणसाला उचलून बाहेर टाकायचं नसतं."

मागचे दोघे आपल्या मोज्यांकडे बघायला लागले. दार उघडंच होतं, आणि आमच्या जिन्यात एक बोलला की सगळे ऐकतात. वरून चपला वाजल्या. नेवेनामावशी ॲप्रन बांधूनच खाली आली, बोटांना काळ्या साली चिकटलेल्या.

"केवढा आरडाओरडा, मेतोदी! ती माझी भट्टी आहे. ऐकलंस? माझी. प्लग काढून आलेय. तुझ्या दोन पोती मिरच्या वर कच्च्याच पडल्यात. आता मॅच बघ निवांत, आणि हिवाळाभर कोरडा पाव खा."

"अहो नेवेनाबाई... म्हणजे... लुतेनित्सा..."

"तुझ्या बायकोच्या अंबाड्याला विचार." मग ती माझ्याकडे वळली. आवाज एकदम खाली आला. "पोरीने माझ्यासाठी तोंड मिटून धरलं. संध्याकाळी ये तुझा पेचकस घेऊन. मी शेजारी बसून बघणार. एकच स्क्रू. आणि दिमोचा जुना निघाला तर तो मला द्यायचा, टाकायचा नाही."

मी मान डोलावली. तेवढ्यात माझ्या मागे सेटमधून आवाज आला. स्वच्छ, जसा काही तो शेजारच्या खोलीत उभा आहे.

"झोरा, ऐकतेस? आज तुझा आवाज फार छान येतोय. ओव्हर."

मी धावले. एलित्साने बापाचा आवाज ओळखला, हातपाय झाडले, आणि मी माइकचं बटण दाबते न दाबते तोच कानठळ्या बसतील अशी किंचाळली. मी बटण सोडलं.

"काहीतरी बाधा येतेय तुझ्याकडून," यावोर म्हणाला. "फार कर्कश. कुठून येते बघ आणि काढून टाक. ओव्हर."

मी बटण दाबलं. "आज सगळेच खरखर काढायला निघालेत. ती तुझी मुलगी आहे, यावोर. ती कुठेही जाणार नाही. ओव्हर."

सेटमधून नुसती गुणगुण येत राहिली.

"गेला का?" मेतोदीकाकांनी कुजबुजत विचारलं.

"आहे."

"पुन्हा," यावोर म्हणाला. ओव्हर म्हणायलाही विसरला. "पुन्हा ऐकव."

पण माइक पुढे केला आणि एलित्साने नेहमीप्रमाणे ओठ मिटले. मी गुदगुल्या केल्या, मावशीने जीभ काढून दाखवली. काही नाही. मूठ तोंडात. मेतोदीकाका पुढे वाकले आणि हातातली पक्कड तिच्या नाकासमोर कटकट वाजवली. तिने डोळे मोठे केले, मूठ तोंडातून बाहेर आली. काकांनी पुन्हा वाजवली, आणि मी बटण दाबून धरलं.