पायऱ्या घेतल्या?

"अहो! पायऱ्या कुठं गेल्या?"

बायको वरच्या खोलीच्या दारात उभी होती. एका हातात शिवलेला अभ्रा, दुसरा चौकटीवर, उजवा पाय हवेत आणि स्वयंपाकघराची फरशी तीन फूट खाली. खाली तिचा नवरा, निवृत्त ड्रायव्हर, चहा गाळत होता.

"पाय मागं घे! मागं!" त्यानं धावत जाऊन पायऱ्यांची मूठ ओढली. उंबऱ्याखालून तीन लोखंडी पायऱ्या खडखडत बाहेर आल्या.

"मिटल्या कुणी?"

"मीच मिटल्या असणार."

"का पण? घर कुठं निघालं होतं?"

तीस वर्षं त्यानं फिरत्या दवाखान्याची गाडी चालवली होती. शेवटचा पेशंट उतरला की डॉक्टरीणबाई आतून विचारायच्या, "पायऱ्या घेतल्या?" तो टाच मारून पायऱ्या आत ढकलायचा, "घेतल्या" म्हणायचा आणि मगच गाडी हलायची. एकदाच विसरला, तेव्हा उघड्या पायऱ्यांनी फाटकाचा खांब उपटला होता. तेव्हापासून टाच जी कामाला लागली, ती निवृत्तीनंतरही थांबली नाही. माणूसही थांबला नाही. दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचा, चांगले नळ उघडून पुन्हा बसवायचा.

वरची खोली पाण्याच्या टाकीवर बांधलेली. बायकोचं शिलाई मशीन तिथं, खिडकीपाशी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला स्टुलावर पाय देऊन चढता येईना आणि पक्का जिना केला तर बाथरूमची वाट अडत होती. दवाखान्याची गाडी भंगारात निघाली, तेव्हा यानं तिथल्या त्याच पायऱ्या मागून घेतल्या आणि उंबऱ्याखाली बसवल्या. ऑपरेशननंतर सात महिन्यांनी बायको पहिल्यांदा कुणाला हाक न मारता वर गेली. त्या दिवशी तो फार खूश होता.

आणि आता ही टाच. त्यानं भिंतीवर चिठ्ठी चिकटवली, 'ती वर असताना मिटू नये'. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी वाचता वाचताच टाच मारली.

रविवारी मुलगी आली आणि सगळं ऐकून वैतागली. "बाबा, आई पडली असती म्हणजे? मी मशीनच घेऊन जाते. पुरे झालं आता शिवणं."

त्याला वाटलं, बायको भांडेल. ती भांडली नाही. अभ्र्याची घडी घालत म्हणाली, "ने बाई. दर वेळी 'पायऱ्या आहेत का हो' म्हणून ओरडायचं. त्यापेक्षा नकोच ते."

हे त्याला फार लागलं. तो चहा अर्धा टाकून उठला, स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारातून परत, चार वेळा गेला. मग ड्रिल घेऊन पायऱ्यांपुढे बसला.

दोन्ही बाजूंना आरपार भोकं पाडून त्यानं बोल्ट घातले, आवळले. मग बोल्टची टोकं हातोडीनं ठेचली. उद्या आपल्यालाच ते काढायची बुद्धी झाली, तरी काढता येऊ नयेत.

"अहो, आणि बाथरूमला जायचं कसं?"

"आडवं होऊन. पोट आत घेईन थोडं."

मुलगी हसली. मशीनचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

सोमवारी सकाळी बायको वर गेली. चहाच्या वेळी ती उतरली, तेव्हा त्यानं कान टवकारले होते. तिनं 'पायऱ्या आहेत का' विचारलं नाही. खाली पाहिलंही नाही. भिंतीला हात लावत सरळ उतरली, चहा प्यायली, पुन्हा चढली.

कप विसळून तो बाथरूमकडे निघाला. पायऱ्यांपाशी आला आणि टाच गेलीच. लोखंड दणकलं, गुडघ्यापर्यंत झिणझिण्या आल्या. पायऱ्या तसूभरही हलल्या नाहीत.

वर मशीन थांबलं. "काय आपटलं हो?"

"काही नाही," तो म्हणाला. "चालू दे तुझं."

मशीन पुन्हा सुरू झालं. त्यानं पोट आत घेतलं आणि आडवा होऊन तो पलीकडे गेला.