शेणातला दाणा

मक्याचा दाणा, पिवळाधमक, जसाच्या तसा... तिने तो काडीने उलटून पाहिला. टिकलीच्या शेणात आजही दाणे, आणि शेण तरी कसलं, पातळ, फेसाळलेलं. म्हणजे दाणा पोटातून नुसता हिंडून आला, फुकटात! तिला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण बाकीच्या गाई डोळे मिटून निवांत रवंथ करत होत्या आणि टिकली तेवढी तोंड बंद करून उभी होती — जिच्या दुधावर हा गोठा उभा राहिला, ती टिकली. काल दूध नेणाऱ्याने नाक मुरडलं होतं, "ताई, फॅट उतरलंय, पाणीबिणी घालता की काय?" पाणी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

पेंड तीच, मका तोच, वैरणही हवी तेवढी. मग? पेंड-मका भिजवून त्याचं आंबोण घालायचं ते बाबांनीच, हा घरातला कायदा. आईलाही त्यांनी कधी त्या घमेल्याला हात लावू दिला नाही. गाय दूध देते ते पोटाने, तुझ्या हातांनी नव्हे, असं ती धार काढायला बसली की ते तिला चिडवायचे... दाणा जास्त झाला की पोट आंबतं, रवंथ थांबतो, गाय बसली की उठत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. आणि त्यांच्याच हातून — छे, काहीतरीच. पण परवा भरदुपारी टिकलीची गव्हाण पुन्हा ओली दिसली होती. ती कुणी केली?

म्हणून ती आज जेवण अर्धवट टाकून वैरणीच्या ढिगामागे उभी राहिली, आपल्याच गोठ्यात चोरासारखी. आणि बाबा आले. हातात भरलेलं घमेलं. सकाळीच तर घातलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत! आता बोलायचंच. पुरे झाला हट्ट, द्या ते इकडे, गाय मारणार आहात का... वाक्य ओठांवर घेऊनच ती पुढे झाली.

बाबा वाकले होते, पण ओतत नव्हते. तिच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "सकाळी घातलं का गं मी हिला?"

तिने गव्हाणीत पाहिलं.

"गव्हाणीला वास येतोय पेंडीचा. पण मला... आठवत नाही."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून? अशा कितीतरी दुपारी ते इथे एकटे उभे राहिले असतील, आणि कुणाला विचारण्यापेक्षा, गाय उपाशी राहण्यापेक्षा, ओतून मोकळं होणं त्यांना सोपं वाटलं असेल. आणि मी हट्टी म्हणत होते त्यांना, मनातल्या मनात.

"घातलंत, बाबा."

"बरं," ते म्हणाले. पण घमेलं त्यांनी खाली ठेवलं नाही, आणि तिनेही ते मागितलं नाही.

काही दिवस नुसती वैरण दिली की टिकली सावरेल, हे तिला माहीत होतं. बाबांकडे मात्र तिला पाहवेना, आणि तिथून हलवेनाही.