दिवेलागणीचे बुडबुडे

“अवो, घराला कुलूप लावून आले. ऐन दिवेलागणीला!” म्हाळसाबाई दारातच म्हणाली. हातात पिशवी, चेहऱ्यावर चोरी करून आल्याचा भाव.

ज्ञानबाला हसू आलं. अक्कलकोट रोडपुढच्या माळावरच्या या रडारवर तो लग्नाआधीपासून नोकरीला. आभाळातली गंमत दिसायची ती सूर्य मावळल्यावरच. आणि दिवेलागणीला घर रिकामं दिसलं तर लक्ष्मी दारातून माघारी जाते, अशी म्हाळसाबाईची श्रद्धा. त्यामुळे नवरा जन्मभर तिथं काय बघतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. उद्या रडार उतरवणार होते. आज नाही तर कधीच नाही.

“मामी, बसा ना,” संशोधन करणाऱ्या दिपालीनं खुर्ची सरकवली. “पण रोज दिसतंच असं नाही हं.”

“आन् न्हाय दिसलं तर? लक्ष्मी उगंच माघारी लावली म्हनायची!”

बाहेरचं तांबडं विझलं. रडारचा पडदा निळाच राहिला. म्हाळसाबाई चुळबुळू लागली. “काय दिसायचं हाय, त्ये तरी सांगा की.”

“हुलग्याचं माडगं शिजताना काय हुतं?” ज्ञानबानं विचारलं.

“बुडबुडं येत्यात. ढवळलं न्हाय तर हातावर उडतंय.”

“तसंच हाय. ढगांच्याबी लई वर विजेनं भारलेल्या हवेचा थर हाय. दिस मावळला की त्यो खालनं पातळ हुतो, वर दाट ऱ्हातो. मग खालचं पातळ बुडबुड्यावानी वर घुसतं. आपलं रडार हाळी देतं, बुडबुड्याच्या खरबरीत कडंवरनं पडसाद येतो.”

“आन् तितं ढवळतंय कोन?”

“त्येच तर बघतोय की इतकी वर्सं!”

म्हाळसाबाईनं पिशवीतून निरांजन, वात, तेलाची बाटली काढली. “आज हितंच घर समजायचं,” म्हणत खिडकीत दिवा लावला, हात जोडले. मग मात्र ती निवांत बसली.

बराच वेळ गेला.

“मामा, बघा!” दिपाली ओरडली.

पडद्याच्या तळाशी पिवळा डाग उमटला. फुगला, कलला, फांदीसारखा वर वर चढत गेला. म्हाळसाबाई तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

“अगं बया! आन् मला वाटायचं, तुमी हितं झोपा काढताय.”

डाग विरल्यावर ज्ञानबानं बटणं एकेक करून बंद केली. पंख्यांची घरघर थांबली. खोलीत निरांजनाचाच उजेड उरला. तो विझवायला ज्ञानबा वाकला.

“ऱ्हाऊ द्या. घरी न्यायचाय.”

पदराआड दिवा धरून ती माळावर उतरली. ज्ञानबा वाऱ्याच्या बाजूनं, तिच्या पावलाला पाऊल लावून चालू लागला.